विम्याच्या नोंदीतले माझे दात

फुटबॉल वर्ल्ड कपच्या वर्षी तब्बल चार महिने, आमच्या विमा कंपनीच्या नोंदीनुसार, माझ्या तोंडात एकही दात नव्हता. त्या चार महिन्यांत मी चकल्या खाल्ल्या, शेंगदाणे खाल्ले, बायकोची बोलणीही खाल्ली. पण कागदापुढे माणसाचं काय चालतं!

त्या वर्षी अख्खं दोहा लग्नघर झालं होतं. काल नसलेला रस्ता आज दिसायचा आणि ज्याला त्याला काहीतरी काम हवं असायचं. मीही स्वयंसेवक व्हायचा अर्ज केला होता. कामाच्या जागी मी हिशेब तपासतो, त्यामुळे माणसं मला पाहून वाट बदलतात. आणि आता जगभरातून आलेल्या पाहुण्यांना मी ‘या, या’ म्हणणार, या कल्पनेनेच मी दोन इंच उंच झालो होतो. एका गुरुवारी मेल आली. मुलाखत येत्या मंगळवारी. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, आम्ही सर्वात आधी तुमचं हसू पाहू.

आनंद कसा व्यक्त करावा, याची मला अक्कल नाही. नाशिकहून दोन महिन्यांसाठी आलेले माझे वडील, निवृत्त मुख्याध्यापक आप्पा, समोर फुटाण्यांची पुडी घेऊन बसले होते. मी एक फुटाणा हवेत उडवला आणि तोंडात झेलला. मेधाने (म्हणजे बायकोने) टाळ्या वाजवल्या. मी दुसरा उडवला. तिसऱ्याला कट्कन आवाज झाला आणि समोरच्या वरच्या दाताचा अर्धा तुकडा माझ्या तळहातावर आला.

“बाबा, यू लुक लाइक ग्रेड टू,” आमची कन्या म्हणाली. मेधाने आधी हसून घेतलं, मग काळजी केली.

आता थोडी आत्मस्तुती करतो, कारण पुढे तिला जागा नाही. बिन महमूदमधल्या आमच्या इमारतीत विम्याचा जाणकार म्हणजे मी. डॉक्टर शोधायचा असला की लोक माझी बेल वाजवतात. माझा मंत्र एकच: ‘तुम्ही इन्शुरन्स घेता का?’ असं कधीही विचारू नका. घेतो तर सगळेच म्हणतात. विचारायचं असं, की हे डॉक्टर माझ्या कार्डाच्या नेटवर्कमध्ये नोंदलेले आहेत का? क्लिनिक हो म्हणालं, तरी विमा कंपनीला फोन करून पुन्हा विचारायचं. विश्वास फक्त देवावर ठेवावा.

तर मी कंपनीची यादी काढून बसलो. अल गराफातल्या दातांच्या दवाखान्याच्या नंबरावर एका बाईंनी मला फेशियलची वेळ देऊ केली. अल दुहैलमधले डॉक्टर बारा वर्षांखालचेच दात बघत होते (कन्येच्या मते मी तिथे चाललो असतो). तिसरीकडे विमा चालत होता, पण माझ्या कार्डाहून वरच्या रंगाच्या कार्डाचा. शेवटी जे मिळालं, ते आमच्याच इमारतीच्या मागच्या गल्लीत होतं. त्याच्या पाटीखाली मी सहा वर्षं गाडी लावत होतो! सोमवारी संध्याकाळची शेवटची वेळ मिळाली. त्याच रात्री डॉक्टर सुट्टीवर कैरोला जाणार होते. म्हणजे संधी एकच.

इथे माझं नाव सांगायला हवं. मोहन श्रीकांत देशपांडे. आपली रीतच तशी, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. पण विम्याच्या नोंदणीच्या फॉर्मवर चौकोन दोनच होते, पहिलं नाव आणि शेवटचं नाव. मेधा म्हणाली, शेवटी आडनाव घाल. मी म्हटलं, देशपांडे काय, पायलीला पन्नास. वडील एकच असतात. मग मी अभिमानाने लिहिलं, मोहन श्रीकांत. त्या दिवसापासून कागदोपत्री मी मिस्टर श्रीकांत झालो.

सोमवारी मेधा कन्येला क्लासला घेऊन गेली होती. आप्पा घरी एकटे कंटाळतील म्हणून मी त्यांना बरोबर घेतलं. काउंटरवरच्या फिलिपिनो मुलीने माझं कार्ड घेतलं आणि हो, डॉक्टर नोंदलेले आहेत, असं हसून सांगितलं. मी आप्पांना खुर्चीवर बसवलं आणि मंत्राला जागून बाहेर पॅसेजमध्ये जाऊन विमा कंपनीला फोन लावला.

अकरा मिनिटं संगीत ऐकलं. मग एक बाई आल्या. कार्ड नंबर झाला, जन्मतारीख झाली, डॉक्टरांचं नाव झालं.

“हाँ सर, डॉक्टर एनरोल्ड हैं,” त्या म्हणाल्या. “आपका ट्रीटमेंट भी शुरू हो गया है।”

मी म्हटलं, कसं होईल, मी तर बाहेर पॅसेजमध्ये उभा आहे.

“नहीं सर,” बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “आप चेअर पर हैं।”

मी आत धावलो. बाहेरची खुर्ची रिकामी होती. मास्कचे दिवस होते ते. ‘मिस्टर श्रीकांत’ असा पुकारा झाला, आप्पा उठले, त्यांचे नुसते डोळे दिसत होते आणि आमचे डोळे एकसारखे आहेत. वय बघत बसायला डॉक्टरांना सवड नव्हती, त्यांना विमान गाठायचं होतं. आता आप्पा खुर्चीत आडवे होते, तोंडाचं बोळकं झालेलं, आणि त्यांची कवळी डॉक्टरांच्या हातात होती. डॉक्टर ती मशीनवर घासत होते. सहीच्या जागी आप्पांनी आपलं मुख्याध्यापकी वळणदार ‘श्रीकांत’ केलेलं होतं.

“खलास, मिस्टर श्रीकांत,” डॉक्टर म्हणाले. आप्पांनी कवळी बसवली, दोनदा चावून पाहिली आणि अरबीत शुक्रन, म्हणजे धन्यवाद, म्हणून खाली उतरले.

मी भडकलो. मुलाखत उद्या आहे, ही वेळ माझी होती, तुम्ही आत गेलातच कसे, असं बरंच काही बोललो. आप्पांनी ते सगळं ऐकून घेतलं.

“अरे, नाव घेऊन बोलावलं त्यांनी,” ते म्हणाले. “आल्यापासून माझी कवळी खटखट वाजतेय. मला वाटलं, तुझ्या लक्षात आलं म्हणून तू वेळ घेतलीस. बरं वाटलं मला.”

महिनाभर रोज जेवताना ती खटखट मी ऐकत होतो आणि टीव्हीचा आवाज वाढवत होतो. मला फार लाज वाटली.

डॉक्टर बॅग घेऊन निघून गेले. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन बघितला आणि मनापासून हळहळत सांगितलं, की आता माझी पूर्ण कवळीचा रुग्ण अशी नोंद झाली आहे. ज्याला दातच नाहीत, त्याच्या तुटलेल्या दाताला कंपनी मंजुरी देत नाही.

मंगळवारी मी तसाच अर्ध्या दाताने मुलाखतीला निघालो. आप्पा म्हणाले, मीही येतो, बाहेर बसेन. कालच्या बोलण्यानंतर नाही म्हणायची माझी छाती नव्हती. हॉलच्या दारात पाटी होती, आत मास्क सक्तीचा. आत शंभरेक उमेदवार बसले होते आणि एकाचंही हसू दिसत नव्हतं! पाच दिवस मी ज्यासाठी जीव टाकत होतो, ते हसू कापडाआडच राहणार होतं. मी आनंदाने खाली बसणार, तोच विमा कंपनीचा फोन आला. दात असल्याचा पुरावा हवा होता, ताबडतोब, फोटोसह.

मी बाहेर गेलो, मास्क उतरवला आणि काचेच्या दारासमोर आ वासून स्वतःचे फोटो काढू लागलो. वरचे काढले, खालचे काढले, दाढांचे काढले. रांगेतले लोक सौजन्याने दुसरीकडे बघत होते.

आत आलो तर आप्पांची खुर्ची रिकामी.

तेव्हा मला आठवलं, की स्वयंसेवकाचा फॉर्मही मीच भरला होता, तितक्याच अभिमानाने.

मुलाखतीच्या खोलीत आप्पा ताठ बसून सांगत होते, बाराशे मुलं मधल्या सुट्टीनंतर पाच मिनिटांत वर्गात कशी बसवायची. समोरच्या बाई भराभर लिहून घेत होत्या. मी आत शिरून माफी मागितली, सगळा घोळ सांगितला. बाई पोट धरून हसल्या, मग त्यांनी मलाही दहा मिनिटं प्रश्न विचारले. गर्दी आवरण्याचा काही अनुभव? मी म्हटलं, नाही. आप्पा शेजारी बसून माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तसे बघत होते.

पुढे इन्शाल्ला म्हणत म्हणत विमा कंपनीने माझे दात मान्य केले आणि तुटलेला दात बसला. स्पर्धेत मी गेटवर उभा राहिलो, मनसोक्त हसलो, जगभरच्या माणसांना ‘या, या’ म्हटलं. ते दिवस मी जन्मात विसरणार नाही.

फक्त निवडीच्या मेलमध्ये लिहिलं होतं, ‘प्रिय मिस्टर श्रीकांत, आपल्या मुलाखतीने आम्ही फारच प्रभावित झालो.’ ते नक्की कोणाला लिहिलं होतं, हे फोन करून विचारायची हिंमत, सगळं दोनदा विचारून खात्री करणाऱ्या या माणसाला आजवर झालेली नाही.