गुरुवारचे नारळ

माझ्या धाकट्या भावाला आवाज ऐकू येऊ लागले तेव्हा निजामाचं राज्य होतं. आम्ही हिंगोलीजवळच्या गोरेगावात राहत होतो. हळद आणि ज्वारीची अडत हा माझा धंदा. आवाज येण्याआधी बरेच महिने भाऊ घरातल्या घरात दूर होत गेला होता. अंघोळ टाळायचा, सोबत्यांकडे जाणं बंद केलं होतं, मध्येच समोर कुणी नसताना उत्तर द्यायचा. एक दिवस त्यानं ताट सरकवलं.

"दादा, यात कायतरी घातलंय. ते सांगून राहिले."

"ते कोण?"

"काहून, तुला ऐकू येत न्हाई?"

मला येत नव्हतं. त्याला मात्र खरोखर येत होतं.

गावानं त्याला वेडा म्हटलं असतं तर मी सोसलं असतं. गावानं त्याला देव ठरवलं. एका बाईची हरवलेली जोडवी कुठं असतील ते तो सहज बोलून गेला आणि ती तिथं सापडली, तेवढं पुरलं. दर गुरुवारी ओसरीवर माणसं जमू लागली. माय पाट मांडायची, नारळ फोडायची. आधी शेजारणींपासून तोंड लपवणारी माझी माय आता ताठ मानेनं पाणवठ्यावर जात होती.

पण अडतीवर बसणाऱ्याला मेळ घालून बघायची सवय असते. गुरुवारी लोक येत, शुक्रवारी तो अन्नाला शिवत नसे. शनिवारी मायकडेही परक्यासारखा बघायचा. पुढं जरा निवळला की पुन्हा गुरुवार. पोळ्याच्या गडबडीत एक गुरुवार रिकामा गेला, तर त्या आठवड्यात तो जेवला आणि झोपलासुद्धा. मायला हे सांगितलं. ती म्हणाली, "देवाच्या वाराला तू तराजू लावतूस?"

मग बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या एका माणसाचा बैल हरवला. भाऊ म्हणाला, "तुझ्या सख्ख्या भावानंच नेला." दोघा भावांत काठ्या चालल्या, थोरल्याचं डोकं फुटलं. बैल कळमनुरीच्या वाटेवर एकटाच चरताना सापडला.

मी बैलगाडी जुंपली आणि भावाला हिंगोलीला डॉक्टरांकडे नेलं. आज या आजाराला स्किझोफ्रेनिया म्हणतात आणि त्यावर गोळ्या मिळतात. तेव्हा त्या नव्हत्या, आणि डॉक्टरांनी ते लपवलं नाही. म्हणाले, "हा मेंदूचा आजार आहे. शाप नाही, आईच्या वळणाचा दोष नाही. तुमच्या घराण्यात आधी कुणाला असं होतं?" मला आत्या आठवली, तिला आम्ही झपाटलेली म्हणायचो. "आवाज खोटे म्हणून त्याच्याशी भांडू नका, खरे म्हणून मानही डोलवू नका. झोप, जेवण आणि हाताला काम, एवढं सांभाळा. आणि ती गर्दी बंद करा."

पुढच्या गुरुवारी मी उंबऱ्यात उभा राहिलो. "माझा भाऊ आजारी आहे. इथं कौल मिळणार नाही."

"वा मालक! देव घरी आला अन् तुमी त्याला पथ्य लावून राहिले?"

"व्हय, लावतो. नारळ उचला."

माय माझ्याशी बोलेनाशी झाली. दर गुरुवारी मी तसाच उभा राहिलो. संशय आला तरी भावाला घास घेता यावा म्हणून आम्ही एका ताटात जेवू लागलो. आधी मी खायचो, मग तो. शेजारी पिंजारी चाचा कापूस पिंजायचे. त्यांच्या धनुकलीला ताणलेल्या तातीचा एकसारखा आवाज चालू असला की आतले आवाज दबतात, असं भाऊच एकदा म्हणाला. चाचा म्हणाले, "बैठने दो. इधर तात बोलती, बाकी सब चुप." तो तिथं सरकी वेचू लागला.

उन्हाळ्यात तांड्यावरचा तो बैलवाला पुन्हा आला, नारळ घेऊन. मला चुकवून थेट पिंजाऱ्याच्या दारात गेला. मी मागोमाग धावलो. आता भावानं नकार दिला नाही, तर सगळं पहिल्यासारखं होणार होतं.

"महाराज, म्हैस आटली. कुणी केलं?"

भावाचे हात थांबले. बराच वेळ तो काहीतरी ऐकत राहिला. मग म्हणाला, "ते नाव सांगून राहिले. पण मी नाव घेणार न्हाई. मी आजारी हाव. म्हशीला पेंड घाल."

"अन् ह्यो नारळ?"

"मायला दे. चटणी करंल."

मायनं आमच्या दारातून सगळं ऐकलं होतं. तिनं नारळ घेतला आणि खवायला बसली. त्या दुपारी ताट वाढून तिनं पहिला घास स्वतः खाल्ला आणि मग ते भावापुढं सरकवलं.