तुरटी फिरवलेलं पाणी

करुणा गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी नळ आले. आधी तोटीतून हवा सुटली, धाप लागल्यासारखी, थांबून थांबून, आणि चांगुणाबाईला दारातून हाक ऐकू आली, "मावशी, नळ आले वो." ती हातातलं काम टाकून दाराशी गेली. दारात कोणी नव्हतं. चांगुणाबाईने आत येऊन तोटी घट्ट आवळली आणि वरून फडकं बांधलं. तरी आतली हवा कण्हतच राहिली.

हिंगोलीच्या स्टेशनापलीकडच्या या गल्लीत नळ कधी चार दिवसांनी येतात, कधी सहा. त्यापेक्षा पाहुणे बरे, निदान फोन तरी करतात. नळ आले की इथं सख्ख्या जावा एकमेकींना ओळखत नाहीत. अशा गल्लीत चांगुणाबाईने आजवर पाण्यासाठी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. समोरच्या द्वारकाबाईच्या घरी नळच नव्हता. तिची सून करुणा, डोंगरकड्याची पोरगी, लग्न होऊन आली त्या दिवसापासून चांगुणाबाईच्या तोटीवर भरायची. पाणी आल्याचं पहिलं कळायचं तेही तिलाच, आणि मग ती हाक द्यायची.

हा नळ चांगुणाबाईच्या नवऱ्याने, जळबाने, स्वतः खपून घेतलेला. पाइप नालीखालून आणला होता आणि तिथला सांधा गळत होता, म्हणून त्याने सायकलची ट्यूब कापून त्यावर करकचून गुंडाळली. "आता जन्मात बघायची गरज न्हाई," म्हणाला. बघायची गरज त्याला तरी पडली नाही, तो लवकरच गेला. पुढे पाण्याला वास यायला लागला तेव्हा गल्लीच्या रिवाजाप्रमाणे चांगुणाबाई पहिली बादली नालीत ओतून द्यायची, बाकीच्या पाण्यात तुरटीचा खडा फिरवायची आणि हंडा झाकून ठेवायची. सकाळी तळाचं नाणं दिसावं इतकं नितळ पाणी. त्या पाण्याचा तिला फार अभिमान होता. जगात पाण्याचं जे काही समजायचं ते आपल्याला समजलंय, असं तिला वाटायचं. दिसतं ते स्वच्छ आणि न दिसतं ते नाहीच, हा आपला सगळ्यांचाच हिशोब असतो, तिच्या एकटीचा नव्हता.

करुणाला दिवस गेले तेव्हा चांगुणाबाईने तिच्यासाठी वेगळा हंडा ठेवला. त्यात तुरटी दोनदा फिरायची. "तू वरचं वरचं घेत जा बाई," म्हणायची, "गाळ माह्या वाट्याला राहू दे."

दोघी मोंढ्यात, अडत्यांच्या बाजारात, हळद निवडायला जायच्या. लांबट कांडी वेगळी, गोल गट्टू वेगळे. तिथं दिवसभर बसलं की हात पिवळे, नखं पिवळी, नाक शिंकरलं तर तेही पिवळं. काविळीच्या माणसाला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. मोंढ्यातल्या बायकांचं उलटं झालं. त्यांचं जग आधीच पिवळं होतं, म्हणून त्यांना कावीळ दिसली नाही.

"मावशी, डोळे पिवळे दिसून राहिले म्हनतात हे," करुणा एकदा म्हणाली. हे म्हणजे तिचा नवरा, प्रेमानंद.

चांगुणाबाईने तिची हनुवटी धरून उजेडात बघितलं. "धूळ गेली हळदीची. पान्यानं धू सपसप."

आणि आपल्याच हंड्यातलं पाणी तिच्या ओंजळीत ओतलं.

अन्न जाईना, ओकाऱ्या थांबेनात, तर त्या सगळ्या पोटातल्या लेकराच्या नावावर गेल्या. करुणा जाग्यावर बरळायला लागली तेव्हा तिला नांदेडला नेलं. तिथं डॉक्टरांनी प्रेमानंदला सांगितलं, ही घाण पाण्यातून होणारी कावीळ आहे, एरवी माणूस निभावून जातो, पण पोटुशीला भोवते. पाणी उकळून द्यायला पाहिजे होतं. लेकरू आधी गेलं, मग ती.

ती दवाखान्यात असतानाच नगरपालिकेच्या पाणीवाल्या माणसांनी गल्लीत खोदलं. चांगुणाबाईच्या दारासमोर, नालीच्या काळ्या चिखलात, जळबाची ट्यूब निघाली. सडून तिचे धागे झाले होते. नवा सांधा बसवून माणसं निघून गेली. चांगुणाबाई मात्र तेव्हापासून स्वतःचे डोळे आरशात बघत होती. तेच पाणी तीही प्याली होती, आणि डोळे पांढरे स्वच्छ. त्याची तिला शरम वाटायची. हंड्यावरचं झाकण काढायची तिची हिंमत होत नव्हती. आत कोणाचं तरी तोंड दिसेल, अशी भीती वाटायची. ती विकतचं पाणी आणून पीत होती, आणि दारी आलेल्या माणसाला पाणी विचारत नव्हती. आपल्या हातचं पाणी आता कोणाच्या घशाखाली उतरू नये, एवढंच तिला कळत होतं.

जलदान विधीच्या आदल्या दिवशी द्वारकाबाई तिच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"तिला तुमच्याच हातचं पानी लागत होतं, चांगुणाबाई. उद्याचं पानीबी तुमीच आना."

चांगुणाबाईने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ही माया की टोमणा, काहीच कळेना. शिव्या घातल्या असत्या तर जीव हलका झाला असता. ती नुसती "व्हय" म्हणाली.

सकाळी नळ आले. तिने फडकं सोडलं, पहिली बादली ओतून दिली, तांब्याचा तांब्या भरला. सवयीने हात तुरटीकडे गेला, तो तिने मागे घेतला. मग पाणी पातेल्यात ओतून चुलीवर ठेवलं. बुडबुडे आले, पाणी उसळ्या मारायला लागलं, तरी तिने लाकडं मागे ओढली नाहीत.

शेजारीण डोकावली. "जलदानाच्या पान्याला काहून उकळून राहिल्या?"

चांगुणाबाईने आणखी एक लाकूड आत सारलं.

करुणाच्या फोटोपुढे मेणबत्ती लागली होती. बौद्धाचार्यांनी गाथा सुरू केल्या. गेलेल्या माणसाच्या नावाने वाटीत पाणी ओतायचं, वाटी भरून वाहीपर्यंत. प्रेमानंदने चांगुणाबाईच्या हातून तांब्या घेतला. आईने त्याच्या हाताला हात लावला, बाकीच्यांनी एकमेकांच्या खांद्याला. धार सुरू झाली आणि पाण्याचा शिंतोडा त्याच्या बोटांवर उडाला. त्याने चमकून वर बघितलं.

"गरम हाय, मावशी."

"उकळलं," चांगुणाबाई म्हणाली. "आता उकळलं."

गाथा चालू राहिल्या. द्वारकाबाईने मुलाच्या हातावरचा हात काढला नाही. वाटी भरली, काठावरून वाहिली, आणि पाणी जमिनीवरून निवांत पसरत फोटोपुढच्या फुलांखालून गेलं आणि चांगुणाबाईच्या पायांकडे आलं. तिने पाय मागे घेतले.