पॅरिसला नेलेला फेटा

आमच्या आबांना पॅरिसला न्यायचं ठरलं तेव्हा गावात सगळ्यांना वाटलं, लेकीचं डोकं फिरलंय. मलाही मधूनमधून तसंच वाटत होतं. माझा धाकटा भाऊ तिकडे नोकरीला आहे. त्याने ऑलिम्पिकमधल्या कुस्त्यांची कशीबशी दोन तिकिटं मिळवली आणि फोनवर एवढंच म्हणाला, "ताई, काहीही कर, पण आबांना घराबाहेर काढ."

आबा म्हणजे आमचे वडील, जुने पैलवान. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात जत्रेला कुस्त्यांचं मैदान भरतं. शेवटची मोठी कुस्ती झाली की जिंकणाऱ्याला फेटा बांधायचा मान वर्षानुवर्षं आबांचा होता. हलगी थांबायची, घामाने निथळणारा गडी मान वाकवून उभा राहायचा आणि आबांची बोटं भराभर फिरायची. बांधून झाला की आबा त्याच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारायचे. ती थाप मिळावी म्हणून पोरं लांबून लांबून आमच्या मैदानात यायची, असं मी अभिमानाने सांगते.

मग आबांना अर्धांगाचा हलका झटका आला. त्यातून सावरले, पण उजवा हात थरथरतच राहिला. पुढच्या जत्रेआधी कमिटीची माणसं नेहमीप्रमाणे बोलवायला आली, तर आबा म्हणाले, "आवंदा दुसरं कुणीतरी बघा." आमच्याकडे हारजीत पाठीवरून ठरते. पाठीला माती लागली की गडी हरला, मग तो काहीही सांगो. माणसं गेल्यावर आबा मला म्हणाले, "माझ्या पाठीला माती लागली गं. संपलं." जत्रेच्या दिवशी हलगीचा आवाज थेट आमच्या घरात येत होता आणि हा माणूस कानावर टॉवेल घेऊन पडून होता. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःचाही फेटा सोडला आणि टोपी धरली. चारचौघांत जेवायला बसेनात, कारण घास सांडायचा. मला त्यांचा भयंकर राग यायचा आणि राग आला की रडू यायचं.

तर असे आबा पॅरिसला निघाले. जाताना विमानात तोंड मिटून बसले होते. शहरात उतरल्यावर मात्र त्यांची नजर हळूहळू वर उठायला लागली. शहर होतंच तसं. नदीकाठाने एका रांगेत लावलेली झाडं, दगडी पूल, जुन्या इमारती अशा नीट ठेवलेल्या की कालच रंगवल्यासारख्या. मेट्रोत सगळं जग भरलेलं. कुणी गालावर झेंडे रंगवलेले, कुणी डोक्यावर चित्रविचित्र टोप्या घातलेल्या. काल एकमेकांविरुद्ध ओरडलेली माणसं आज शेजारी बसून एकाच पाकिटातलं खात होती. आबांना बघून प्रत्येक वेळी कुणी ना कुणी उठून जागा द्यायचं. रस्ता दाखवायला उभ्या असलेल्या मुलामुलींना तर मी मनातल्या मनात नमस्कारच केला. दिवसभर उन्हात उभं राहून तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच हसू! आमच्या स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीची मला फार आठवण झाली. आबा म्हणाले, "एवढी जत्रा हाय, पर धूळ न्हाई बग." त्यांच्या तोंडून कित्येक महिन्यांनी एवढं लांब वाक्य ऐकलं.

कुस्त्यांच्या मंडपाच्या दारात पिशव्या तपासत होते. आबांच्या पिशवीत रक्षकाने हात घातला आणि भगवं कापड ओढायला लागला. ओढतोय, ओढतोय, कापड काही संपेना. मागची रांग हसायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आबा, हा फेटा कशाला आणलात?"

"असू दे."

"अहो, पण कुणाला बांधणार इथं?"

"असू दे म्हटलं न्हवं?"

रक्षकाने मात्र तो सगळा फेटा पुन्हा नीट गुंडाळला आणि दोन्ही हातांनी आबांना दिला. आबांनी तो मांडीवर धरूनच कुस्त्या बघितल्या.

आमच्या शेजारी एक म्हातारा बसला होता. आबांच्याच वयाचा, रुंद खांद्यांचा, एकटा. त्याच्या जॅकेटवरचा झेंडा कुठल्या देशाचा ते मला ओळखता आलं नाही आणि आजही माहीत नाही. आबांनी झेंड्याकडे बघितलंच नाही. त्यांनी बघितले त्याचे कान. तालमीत घासून घासून मोडलेले, गाठी आलेले कान. आबांचेही तसेच आहेत. त्यानेही आबांचे कान बघितले. दोघांनी एकमेकांकडे बघून नुसती मान हलवली आणि ओळख झाली. मला वाटतं, पासपोर्टपेक्षा ही पद्धत बरी.

थोड्या वेळाने त्याच्या देशाचा गडी मॅटवर आला. म्हातारा पुढे सरकून बसला. काय कुस्ती झाली! आबा तर कुणाचा हात समोरच्याच्या पायाला, पटाला गेला की स्वतःचाच गुडघा मागे घेत होते. शेवटच्या काही क्षणांत दुसऱ्याने एक गुण काढला, वेळ संपली आणि पंचांनी त्याचा हात वर केला. शेजारचा म्हातारा दोन्ही हातांत तोंड घालून बसला. खांदे हलत होते.

"ह्यो का रडतोय?" आबांनी विचारलं.

"त्यांचा पैलवान हरला, आबा."

"कुठं हरला? पाठ कुठं टेकली?"

"गुणांवर हरला. इथं गुण मोजतात."

"गुण शाळंत मोजायचे! पाठ न्हाई टेकली मंजी कुस्ती बरोबरीत सुटली." आबा चक्क उठून उभे राहिले. मी सदरा ओढत होते, पण त्यांनी त्या म्हाताऱ्याचा खांदा हलवला, मॅटवरच्या पोराकडे बोट केलं, आपल्या पाठीवर हात मारला आणि मोठ्याने म्हणाले, "माती न्हाई!"

म्हाताऱ्याला मराठी कुठलं कळायला? पण त्याला कळलं. तो ओल्या डोळ्यांनी आबांकडे बघत राहिला आणि मग उभा राहिला. आबांनी फेटा उलगडला.

आबांचा हात थरथरत होता. पहिला वेढा घसरला, दुसराही घसरला. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. आता आबा फेटा टाकून खाली बसणार आणि पुन्हा कधी हातात घेणार नाहीत, या भीतीने मी टोक धरायला पुढे झाले.

"सोड," आबा म्हणाले.

मी सोडलं. म्हातारा मान वाकवून उभा होता, अगदी आमच्या मैदानातल्या पोरांसारखा, कसलीही घाई नसल्यासारखा. मागच्या ओळीतल्या एकानेही 'खाली बसा' म्हटलं नाही, याबद्दल मी त्या अनोळखी लोकांची जन्मभर ऋणी राहीन. फेटा बांधून झाला. तो वाकडा होता, सैल होता, मागे सोडलेला शेमला पार कमरेखाली आला होता. आबांनी म्हाताऱ्याच्या पाठीवर थाप मारली.

म्हाताऱ्याने एका हाताने फेटा सावरला आणि दुसऱ्या हाताने आबांचा तो थरथरणारा हात धरला. मग त्याने आबांना खांद्याला धरून पाठमोरं केलं, त्यांच्या पाठीवरून वरपासून खालपर्यंत तळवा फिरवला आणि तो तळवा आबांच्या तोंडासमोर उघडला. तळवा स्वच्छ होता. त्याने सावकाश नकारार्थी मान हलवली.

मला हुंदका आवरला नाही आणि मी तो आवरायचा प्रयत्नही केला नाही.

बाहेर लख्ख ऊन होतं. मेट्रोकडे चालताना आबांनी टोपी काढून खिशात घातली.

"आपली जत्रा कवा हाय गं?"

"चैत्रात. अजून लांब आहे, आबा."

"लांब कसली! फेटा तर देऊन बसलो. साताऱ्यातनं नवा आणाय पायजे."