तिसरं लर्निंग लायसन्स

माझ्या नावावर आजवर तीन लर्निंग लायसन्स निघाली. पहिली दोन सहा-सहा महिने पर्समध्ये पडून मुदत संपून गेली. तिसऱ्याच्या वेळी मात्र मला दम धरवत नव्हता. रोज सकाळी चहाआधी मी त्यावरची तारीख वाचायची आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजायची. नवरा म्हणायचा, "मोजून दिवस वाढत नाहीत." मी म्हणायची, "पण तुमच्यासारखं गप्प बसूनही वाढत नाहीत."

पहिल्या खेपेला मी पुण्यात, आमच्या धायरीतल्याच एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं होतं. शिकवणारा मास्तर मूळचा धायरी गावातलाच. एखाद्या बारा मजली इमारतीकडे बोट दाखवून "हितं आमचा ऊस व्हता" असं म्हणायचा आणि मग "क्लच सोडा की म्याडम" असं ओरडायचा. त्याच्या गाडीत त्याच्या पायाखालीसुद्धा एक ब्रेक आणि एक क्लच होता. एकवीस दिवस मी सिंहगड रोडवर अशी झोकात गाडी चालवली की माझा मलाच अभिमान वाटायला लागला. बाविसाव्या दिवशी आमची स्वतःची गाडी सोसायटीच्या चढावर काढली, तर ती तीनदा बंद पडली आणि चौथ्यांदा मागे घरंगळली. म्हणजे इतके दिवस गाडी मास्तर चालवत होता, मी नुसती स्टिअरिंग धरून बसले होते. जाब विचारायला गेले तर म्हणतो कसा, "तुमी घाबरू नये म्हनून पाय देत व्हतो. न्हाईतर बाया दुसऱ्या दिवशी येतच न्हाईत." माझं डोकं फिरलं. घरी येऊन मी किल्ली नवऱ्याच्या हातात दिली ती दिलीच.

दुसऱ्या खेपेला एका मैत्रिणीच्या नादाने फॉर्म भरला, पण तेव्हा नवराच म्हणाला, "मी आहे ना, तू कशाला जिवाचा आटापिटा करतेस?" आणि तो होताच. आम्ही मूळचे अमरावतीकडचे. दर दिवाळीला तो पुण्याहून एका दमात गाडी न्यायचा आणि गावी उतरल्यावर पाणी प्यायच्या आधी किती तासांत आलो ते सांगायचा. इतर बाबतीत साधा माणूस, पण गाडीचा विषय निघाला की ताठ बसायचा.

मग त्याच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. येरवड्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं की समोरचं दिसत राहील, कडेची नजर मात्र गेली आहे आणि गेलेली परत येणार नाही. घरी आल्यावर नवरा मला म्हणाला, "नंबर थोडा वाढलाय." दवाखान्यात मी त्याच्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते, हे तो विसरला नव्हता. मीही "हो का" म्हटलं आणि कुकर लावायला गेले.

त्याचं लायसन्स त्याच्या वाढदिवसाला संपत होतं. नव्याने मिळवायला डॉक्टरांचा दाखला लागतो आणि तो मिळणार नाही हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. मला शिकायचं तर शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, आणि आमच्या घरात तसा तो एकटाच. लर्निंग निघाल्यावर महिनाभर थांबल्याशिवाय पक्क्या लायसन्सची ट्रायल देता येत नाही. हा सगळा हिशेब करून त्या महिन्यापुढे माझ्या हातात जेमतेम दोन आठवडे उरत होते. "तोवर झालं नाही तर गाडी विकून टाकू," असं तो एकदा जेवताना भाताकडे बघत म्हणाला.

लर्निंगची परीक्षा आता घरबसल्या होते. कॅमेऱ्यासमोर बसायचं, चेहरा चौकटीतून हलवायचा नाही. मला पाच मिनिटं एका जागी बसवत नाही हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. तरी बसले. अर्धे प्रश्न झाले असतील, स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि माझी मान आपोआप वळली. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायचा हे तीस वर्षांचं वळण. परीक्षा रद्द. माझे दोन दिवस त्यात गेले. पुढच्या वेळी वरण न लावता बसले आणि पास झाले.

त्यानंतर रोज सकाळी सहाला आम्ही गाडी काढायचो. तो डावीकडे बसून शिकवायचा आणि खरंच छान शिकवायचा. क्लच कधी सुटतो ते कानाने ओळखायचं, हे मला त्यानेच सांगितलं. सीटवर मी सारखी चुळबुळ करायची, आरसा उगाचच हलवायची, तो काही बोलायचा नाही. वळणावर मी त्याला विचारायची, "अहो, डावीकडे मोकळं आहे?" तो मान फिरवून म्हणायचा, "आहे, जा." हे माझं चुकत होतं हे मला कळत होतं. ज्याची कडेची नजर गेली आहे त्यालाच मी कडेचं विचारत होते. पण विचारलं नसतं तर त्याला तिथे बसवलं कशाला, असं त्याला वाटलं असतं, आणि ते मला सहन झालं नसतं.

बिबवेवाडीत एका सकाळी तो म्हणाला "आहे, जा" आणि मी गेले. डावीकडून एक स्कूटर आली. मी ब्रेकवर उभी राहिले. वीतभर अंतर राहिलं असेल. स्कूटरवरच्या गृहस्थांनी हेल्मेट वर करून अगदी शांतपणे विचारलं, "काकू, लायसन्स कुरिअरने मागवलंत का?" मी हात जोडले. नवरा समोरच्या काचेतून सरळ बघत होता. मी त्याच्यावर चिडले होते, स्वतःवर त्याहून जास्त, आणि खूप भीतीही वाटली होती. दुसऱ्या दिवसापासून मी त्याला विचारायचं बंद केलं. स्वतःच वाकून डावीकडे बघायला लागले. त्याने ते पाहिलं की नाही, कोण जाणे.

ट्रायलची तारीख मिळाली ती वाढदिवसाच्या आदल्या दिवसाची. रात्रभर मी कूस बदलत होते. आरटीओच्या ट्रॅकवर साहेबांनी त्याला बाहेर थांबवलं आणि मला एकटीला आत सोडलं. गाडीने आठाचा आकडा काढला, मागे घेतली, चढावर थांबवून पुन्हा उचलली. गाडी बंद पडली नाही, घरंगळली नाही. साहेबांनी मान न वर करता "झालं, घ्या गाडी" म्हटलं. मला रडू आलं, पण मागे रांग होती म्हणून आवरलं.

परत येताना मी सुटल्यासारखी बडबडत होते. पक्कं लायसन्स येऊ दे, मग येरवड्याला मी नेईन, दिवाळीला अमरावतीला मी नेईन, मधे एक मुक्काम करू. म्हटलं, "अहो, आणि आता तुम्हाला सक्तीने शेजारी बसायला नको. ऐसपैस मागे बसा."

मग त्याच्या तोंडून गावाकडची बोली आली. एरवी ती फक्त त्याच्या आईपाशी यायची.

"मी समोर पाह्यतो तवा बाजूला तू मले दिसतच नाही," तो म्हणाला. "दीड महिना नुसता तुझा आवाज ऐकून बसलो होतो."

आणि त्याने खांद्यासकट सगळं अंग माझ्याकडे वळवलं आणि तो मला बघत राहिला. समोर पुलावर गाड्यांची रांग होती. मला रस्त्यावरून नजर काढता येत नव्हती.