सायलेन्सचं बटण

अलार्म वाजला नाही. आई ओरडली.

दुपारचे बारा-सव्वाबारा झाले असतील. मी एनआयसीयूच्या दाराशी चपला काढून आत शिरत होतो. एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. दिवस भरायच्या आत जन्मलेली, ओंजळीत मावतील अशी बाळं तिथे असतात. तीन नंबरच्या वॉर्मरशेजारी, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या खाटेशेजारी, स्टुलावर बसलेली बाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सिस्टर, पोर निळं पडलं, या ना इकडं." पगारे सिस्टर समोरच्या बाळाला नळीने दूध देत होत्या. दोन ढांगांत त्या इकडे आल्या. बाळाच्या तळपायाला टिचक्या मारल्या, पाठ चोळली, काही होईना म्हणून मास्क लावून बॅगने श्वास द्यायला लागल्या. तेव्हा कुठे मॉनिटर बोंबलला. त्या मॉनिटरला मी बनवलेला डबा जोडलेला होता.

बाळाचा रंग परत आला. डॉ. शिरसाठ धावत आले, बाळ तपासलं, मॉनिटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आधी डबे काढा," एवढंच म्हणाले. मी चारही बेडवरचे डबे काढले. स्क्रू काढताना एक खाली पडला तो सापडलाच नाही.

मी डॉक्टर नाही. अंबडच्या एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. हॉस्पिटलचे मॉनिटर दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली. पन्नाशी उलटल्यावर दुरुस्तीचा कंटाळा आला आणि स्वतःचं काहीतरी बनवायची खुमखुमी आली. नाशकातल्या या रुग्णालयात माझं जाणं-येणं जुनं. तिथल्या बाळांचे डॉक्टर म्हणजे शिरसाठ. एकदा मॉनिटर दुरुस्त करत होतो तर ते वैतागून म्हणाले, "अहो, ही यंत्रं बिघडलेली बरी. चालू असली की दिवसभर ठणाणा करतात. माझ्या सिस्टर बहिऱ्या व्हायच्या बाकी आहेत."

त्यांचं खोटं नव्हतं. बाळाच्या पायाला दिव्याची एक पट्टी गुंडाळतात, तिला प्रोब म्हणतात. रक्तात ऑक्सिजन किती आहे ते तिच्यावरून कळतं. आकडा ठरलेल्या रेषेखाली गेला की अलार्म वाजतो. पण बाळ लाथा मारतं, प्रोब हलतो, आणि ऑक्सिजन उत्तम असतानाही आकडा खाली जातो. असे खोटे अलार्म खऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. सारखं खोटं ऐकून माणसाचा कान मरतो आणि एखादा खरा त्यात हरवतो. म्हणून ठरलं, खरा आणि खोटा अलार्म ओळखणारा डबा करायचा. खोटा वाटला तर त्याने अलार्म थोडा वेळ रोखून धरायचा. तेवढ्यात आकडा आपोआप वर आला तर वाजायचंच नाही.

इलेक्ट्रॉनिक्स माझं. मशीन लर्निंगला ऋचा, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. मशीन लर्निंग म्हणजे कॉम्प्युटरला नियम सांगायचे नाहीत, उदाहरणं दाखवायची. हा खरा अलार्म, हा खोटा, असे हजारो दाखवले की तो स्वतः फरक शिकतो. खऱ्या-खोट्याची ही जी चिठ्ठी प्रत्येक उदाहरणाला लावावी लागते, तिला लेबल म्हणतात.

"लेबल कोण देणार?" ऋचाने पहिल्याच मीटिंगमध्ये विचारलं. "कुणीतरी बाळाशेजारी बसून प्रत्येक अलार्म खरा की खोटा ते लिहायला हवं."

"माझ्याकडे कुणाला वेळ आहे?" शिरसाठ म्हणाले.

इथे मी तोंड उघडलं. मॉनिटरच्या पोटात नोंद राहते हे मला माहीत होतं. अलार्म कधी सुरू झाला, सायलेन्सचं बटण कधी दाबलं, सगळं. मी म्हणालो, "वेगळं कुणी बसायची गरजच नाही. सिस्टर अनुभवी आहेत. खोटा अलार्म असेल तर त्या लगेच बटण दाबून मोकळ्या होतात. खरा असेल तर बाळाकडे धावतात, बटण मागे राहतं. पटकन बंद झालेला आणि चार्टमध्ये काही लिहिलेलं नसलेला अलार्म खोटा धरू. वाजत राहिलेला तो खरा."

शिरसाठांनी मान हलवली. ऋचाने वहीत लिहून घेतलं. महिन्यांचं काम आठवड्यात होणार म्हणून सगळे खूश. मला तर त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. त्या खोलीत सिस्टर एकही नव्हती, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पुढचं सगळं रीतसर झालं. एथिक्स कमिटीची परवानगी आली. आधी डबे नुसते बघ्याची भूमिका करत होते. काय ठरवलं ते आत लिहून ठेवायचे, अलार्मला हात लावायचे नाहीत. निकाल छान आले. एकच गोष्ट जरा खटकली. खोटे अलार्म सकाळच्या शिफ्टला खूपच जास्त दिसत होते. ऋचा म्हणाली, "हे असं का?" मी लगेच उत्तर दिलं, "सकाळी बाळांना पुसतात, कपडे बदलतात, वजन करतात. प्रोब हलणारच." तिला पटलं. मलाही पटलं. जाऊन बघायला मला स्कूटरवरून वीस मिनिटं लागली असती.

मग चार बेडवर डबे खरोखर काम करायला लागले. आकडा पडला आणि डब्याला खोटं वाटलं, तर अलार्म जास्तीत जास्त एक मिनिट रोखायचा. हृदयाचे ठोके फार कमी झाले तर मात्र डब्याला न विचारता वाजायचं, ही अट शिरसाठांनी घातली होती. पालकांची संमती घेतली. तीन नंबरच्या बाळाची आई हिराबाई, सुरगाण्याकडची. तिला मीच समजावलं होतं. ती म्हणाली, "आवाजानं पोर दचकतं. आवाज कमी होत असंल तं लावा." आणि सही केली.

वॉर्ड शांत झाला. मोठे डॉक्टर येऊन बघून गेले. सिस्टर हळू आवाजात बोलायला लागल्या. तिसऱ्या आठवड्यात हिराबाईच्या बाळाचा श्वास थांबला.

त्या दुपारी मी आणि ऋचा शिरसाठांच्या केबिनमध्ये लॅपटॉप उघडून बसलो. डब्याची नोंद समोर होती. आकडा सरळ, स्वच्छ रेषेत खाली गेला होता. लाथ मारल्यावर रेषा कशी वेडीवाकडी होते, तसं त्यात काहीच नव्हतं. कुणीही सांगितलं असतं की हे खरं आहे. डब्याने ठामपणे सांगितलं होतं, खोटं.

"याला वेड लागलं का?" मी म्हणालो.

"नाही," ऋचा म्हणाली. ती जुनी उदाहरणं चाळत होती. "अशाच रेषा मी त्याला शेकड्यांनी दाखवल्यात. सगळ्यांवर लेबल खोटं असंच आहे. आणि बहुतेक सगळ्या सकाळच्या शिफ्टच्या."

मी ड्यूटीचा तक्ता मागवला. सकाळच्या शिफ्टला या बाजूचे बेड कितीतरी महिने पगारे सिस्टरांकडे होते. वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात तरबेज सिस्टर. नवीन मुली त्यांच्या हाताखालीच तयार होतात.

आम्ही परत वॉर्डात गेलो आणि भिंतीला टेकून उभे राहिलो. डबे काढलेले होते, त्यामुळे अलार्म पूर्वीसारखे वाजत होते. दहा-पंधरा मिनिटांत दोन नंबरचं बाळ श्वास घ्यायचं विसरलं. अपुऱ्या दिवसांची बाळं तशी विसरतात. अलार्म वाजला. पगारे सिस्टरांनी जाता जाता डाव्या हाताने सायलेन्सचं बटण दाबलं आणि उजव्या हाताने बाळाच्या तळपायाला टिचकी मारली. बाळाने श्वास घेतला, आकडा वर आला. सिस्टर पुढच्या कामाला लागल्या. चार्टला हातही लावला नाही.

मी विचारलं, "सिस्टर, तुम्ही आधी बटण का दाबता?"

"आवाज चालू असला की मला बाळाचा श्वास ऐकू येत नाही सर. शेजारचं बाळ दचकतं, मग त्याचा आकडा पडतो. म्हणून पहिले आवाज बंद, लगेच पायाला हात. सगळ्या पोरींना मी हेच शिकवलंय."

"आणि लिहीत नाही?"

"टिचकीवर आलेली बाळं लिहायची म्हटली तर दिवसभर लिहीतच बसावं लागेल. बॅग लागली तर लिहितो."

"मग जे अलार्म वाजत राहतात ते?"

"ते लाथा मारणारे. इथून दिसतं की. हात रिकामा झाला की बंद करते."

ऋचा तिथेच रिकाम्या स्टुलावर बसली. आम्ही डब्याला नेमकं उलटं शिकवलं होतं. सगळ्याच अलार्मबाबत नाही, नाहीतर पहिल्या दिवशीच कळलं असतं. पण खरोखर श्वास थांबलेल्या बाळाकडे जी बाई सगळ्यात लवकर पोचत होती, तिची प्रत्येक धाव आम्ही 'खोटा अलार्म' म्हणून लिहिली होती. ती जितकी चपळ, तितकं आमचं यंत्र जास्त चुकीचं शिकलं. आणि निकाल छान आले कारण ते तपासायलाही आम्ही तीच लेबलं वापरली होती. तीन आठवडे असे अलार्म डब्याने रोखले असणार. बाकीच्या वेळी बाळांनी आपोआप श्वास घेतला, म्हणून कुणाला काही कळलं नाही.

"तुम्ही आधी सांगितलं असतं तर," मी म्हणालो, आणि म्हणताक्षणीच मला स्वतःची लाज वाटली.

"मला कुणी विचारलंच नाही सर," त्या म्हणाल्या. रागाने नाही. मग म्हणाल्या, "चूक माझीच झाली. वॉर्ड शांत आहे म्हणजे बाळं बरी आहेत, असं धरून मी या बाळाकडे पाठ करून दुसऱ्याला दूध देत बसले. पंचवीस वर्षांत मी अशी कधी बसले नव्हते."

मी त्यांना म्हणालो की यात तुमची काही चूक नाही. त्यांनी ऐकलं आणि हात धुवायला निघून गेल्या. त्यांना पटलेलं दिसलं नाही.

शिरसाठांनी त्याच दिवशी कमिटीला लेखी कळवलं, चाचणी थांबली. मग प्रश्न आला, आईला कोण सांगणार. शिरसाठ म्हणाले, "मी सांगतो. तुम्ही शेजारी उभे राहा." मी म्हणालो, "डबा माझा आहे, मीच सांगतो." ते म्हणाले, "चला, दोघं जाऊ."

हिराबाई बाहेरच्या बाकावर बसली होती. मी सगळं सोपं करून सांगितलं.

"मशीन नसती तं?" तिने विचारलं.

"तर अलार्म आधी वाजला असता. सिस्टर आधी आल्या असत्या."

"मंग लावली कशाला?"

आवाज कमी व्हावा म्हणून, हे उत्तर तिला माहीत होतंच. तिने त्यावर सही केली होती. शिरसाठांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने बाजूला केला.

बाळ वाचलं, घरीही गेलं. नंतरच्या तपासण्यांना हिराबाई त्याला घेऊन यायची. मी ओपीडीत निरोप ठेवला होता, म्हणून तारीख कळायची आणि मी जायचो. काय करायला जायचो, मला सांगता येत नाही. ज्या वयात मान धरायला हवी त्या वयात त्याने धरली नाही. डावा हात मुठीत आवळलेला असायचा. शिरसाठ म्हणाले, "इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांचं असं होतं. तुमच्या डब्याशिवायही झालं असतं."

"किंवा नसतं," मी म्हणालो.

"किंवा नसतं," ते म्हणाले.

हे आता कधीच कळणार नाही. त्या एका मिनिटाचं किती आणि अपुऱ्या दिवसांचं किती, हे वेगळं काढायचं यंत्र नाही. असतं तरी मी त्यावर विश्वास ठेवला नसता.

ऋचाने ते काम सोडलं. कॉलेजात शिकवते, पण हॉस्पिटलचा डेटा नको म्हणते. मी परत मॉनिटर दुरुस्त करतो. एका तपासणीला हिराबाई मला ओपीडीबाहेर भेटली. बाळाचे फिजिओथेरपीचे व्यायाम करून घेऊन ती निघाली होती. तिने विचारलं, "ती मशीन आता कोणाला लावता का?"

"नाही. बंद केली. कुणालाच नाही."

"मंग बाकीच्या पोरांचं बरं झालं," ती म्हणाली, बाळाला खांद्यावर घेतलं आणि सुरगाण्याच्या गाडीला उशीर होतोय म्हणून जिना उतरून गेली.

कधी कुणी तरुण इंजिनिअर असाच काही डबा घेऊन माझ्याकडे येतो. मी त्याला एकच सांगतो. ज्याच्या हातांच्या कामातून यंत्राला शिकवणार आहेस, त्याच्याशेजारी आधी आठ दिवस उभा राहा आणि प्रत्येक वेळी विचार, हे का केलं. साधी गोष्ट आहे. मला ती एका दुपारी, वीस मिनिटांत कळली, आणि ज्या बाळामुळे कळली त्याला तिचा काही उपयोग झाला नाही.