कांडायला दिलेला मसाला

माझी भाची श्रद्धा कॉम्प्युटरवर काय करते, ते तिनं मला शंभरदा सांगितलं असेल. कासारवाडीत माझं मिरची-मसाला कांडायचं दुकान, वरच्या खोलीत ती. चाकणच्या अजिंक्य सरांच्या मशीन बनवायच्या कारखान्यात एक प्रोग्राम आहे, मशीन बिघडायच्या आधीच सांगणारा. कुणीही घ्यावा, हवा तसा बदलावा, असा तो मुक्त आहे म्हणे. त्यात सरांच्या मशीनला लागतील ते बदल करायचे आणि कारखान्यातल्या खुब्या घालायच्या, हे काम हिचं. बाहेरून, कंत्राटावर. पहिलंच मोठं काम.

एक दिवस सर स्वतःच दुकानात हजर. तोंड एवढंसं झालेलं. मी श्रद्धाला खाली बोलावलं.

“काम थांबवा. वकील म्हणतात, बाहेरच्या माणसाला दिलं म्हणजे जगाला दिलं. आता आमच्या खुब्या कुणीही मागेल.”

माझं डोकंच फिरलं. “अहो साहेब, बाया माझ्याकडं मसाला कांडायला देतात, तो काय गावाचा होतो? कुणाचं प्रमाण फोडलंय का मी कधी?”

श्रद्धा हसली. “सर, या प्रोग्रामचं लायसन्सही हेच म्हणतं. मी फक्त तुमच्यासाठी, तुमच्या सांगण्याप्रमाणं काम करते, कॉपी दुसऱ्याला देणार नाही हे कबूल केलंय. कारखान्यात वापरा, खुशाल गुपित ठेवा.”

सरांचा जीव भांड्यात पडला. आता तरी श्रद्धानं गप्प बसावं? छे!

“पण हे मशीनमध्ये बसवून विकलंत, तर गिऱ्हाइकाला त्यातला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूरही द्यावा लागेल. माझ्या बदलांसकट. गिऱ्हाईक तो पुढे कुणालाही देऊ शकतं.”

सर तडक निघून गेले.

“कुणी विचारलं होतं गं तुला?” मी तिला धारेवर धरलं. “आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतलास!”

“नंतर कळलं असतं तर फसवलं म्हणाले असते, आत्या.” एवढं बोलून ती वर गेली. त्या आठवड्यात घरात कुणी धड जेवलं नाही.

मग सरांचा फोन आला. तिनं स्पीकरवर टाकला.

“श्रद्धाताई, मशीनमध्ये बसवून विकायचं ठरलंय. कोडसकट. आमच्या खुब्या तेवढ्या त्यात नकोत, कारखान्यापुरत्या वेगळ्या ठेवा. आणि कोडच्या वर तुमचं नाव टाका. बदल तुम्ही केलेत.”

माझा भाऊ कोंडीराम, तिचा बाप, शेजारीच चहा पीत होता. जन्मभर कंपनीत गाड्यांचे पार्ट केले त्यानं, एकावरही त्याचं नाव नाही. त्यानं कप खाली ठेवला.

“पूर्ण नाव टाक गं,” तो म्हणाला. “मधलंसुद्धा.”