दीपगृहाच्या वहीतली एक खरी नोंद

दीपगृहाच्या वहीत रोज एक रकाना भरावा लागे: 'विशेष घटना'. रिकामा ठेवला की वरच्या कचेरीतून खुलासा मागवायचे. घटना तर घडत नसत. मग बत्तीवाल्याने त्या घडवायला घेतल्या. एकदा देवमासा येऊन भिंतीला पाठ घासून गेला. एकदा टोपी घातलेलं माकड तराफ्यावरून वाहत आलं. त्यानंतरच्या एकतीस वर्षांत त्याच्याकडे कुणी खुलासा मागितला नाही.

आता बत्ती आपोआप लागते. निवृत्त बत्तीवाला आणि त्याची बायको पायथ्याच्या खोलीत राहतात. परवा इतिहास खात्यातल्या बाई आल्या. दारावर दीपगृहाच्या इतिहासाचा फलक लागणार होता, आणि आधार एकच, ती वही.

बाईंनी देवमासा उतरवून घेतला. माकडही घेतलं. एका नोंदीवर मात्र काट मारली.

"धुक्यात यंत्राची साखळी तुटली आणि तुमच्या बायकोने अडीच तास हाताने भिंग फिरवलं? काका, हे जरा जास्तच झालं."

बत्तीवाल्याचं तोंड उतरलं. अख्ख्या वहीत खरं तेवढंच होतं. त्या संध्याकाळी तो तापाने फणफणला होता, आणि बाहेर एक जहाज वाट शोधत होतं.

"बाई, बाकी सगळं खोटं. हे एक खरं आहे."

"आणि तुमच्यावर मी आता विश्वास ठेवायचा?"

बायको दारात शेंगा सोलत होती. "भोगा," ती नवऱ्याला म्हणाली. "आणा अजून माकडं." मग हात झटकून उठली. "चला बाई, वर. घड्याळ घ्या."

दिव्याभोवती फिरणारं जुनं भिंग अजून माथ्यावरच होतं, माणसाहून उंच.

"दर दहा सेकंदांनी एक झोत," ती म्हणाली. "वेळ चुकली की खलाशाला वाटतं हे दुसरंच दीपगृह, आणि जहाज खडकावर."

तिने हात लावला. भिंग फिरू लागलं. दहा. वीस. तीस. बाई घड्याळ बघत होत्या. ही मागोमाग वर आलेल्या नवऱ्याला त्या संध्याकाळवरून झापत होती: औषध नको म्हणाला, काढा खिडकीतून ओतला, वर कण्हला. तोंड सुटलेलं, हात दहावर. सहा मिनिटं झाली, एकदाही वेळ चुकली नाही.

"पुरे, काकू." बाईंनी काट खोडली. "फलकावर काय लिहू? बत्तीवाल्याची पत्नी?"

"माझं पूर्ण नाव लिहा. आणि यांचंही घाला, खाली बारीक अक्षरांत. तेव्हा झोपले होते म्हणून."